एन्युरिझमसाठी मेंदूचा स्कॅन : बघणारा नेमकं काय बघतो?

करडी छटा (धागाकर्ती)

शेजारच्या डोकेदुखीच्या धाग्यावर एकीने विचारलं होतं, "माझा मेंदूचा एमआरआय नॉर्मल आलाय, म्हणजे एन्युरिझम नाही असं समजू ना?" एन्युरिझम म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा, तो फुटला तर रक्तस्राव होतो. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, डोक्याचे स्कॅन वाचणं हेच रोजचं काम. इथे कोणाचा रिपोर्ट बघून निदान करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर उत्तर : नाही, तसं समजू नये. साध्या एमआरआयचं लक्ष मेंदूवर असतं, रक्तवाहिन्यांवर नसतं. त्यात वेगाने वाहतं रक्त काळं दिसतं, त्यामुळे मोठा फुगवटा असेल तर काळा गोळा उठून दिसतो. पण तीन-चार मिलिमीटरचा फुगवटा स्लाइसच्या जाडीतच हरवतो, कारण साध्या एमआरआयच्या स्लाइस बऱ्याचदा पाच मिलिमीटरच्या असतात. रक्तवाहिन्या बघायच्या तर एमआर अँजिओ किंवा सीटी अँजिओ करावा लागतो. रिपोर्टच्या मथळ्यात अँजिओचा उल्लेख नसेल, तर त्या रिपोर्टने लहान एन्युरिझमबद्दल हो किंवा नाही, काहीच सांगितलेलं नाही.

याचा अर्थ प्रत्येक डोकेदुखीला अँजिओ करत सुटायचं असा नाही. न फुटलेला एन्युरिझम साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या डोक्यात असतो. त्यातल्या बहुतेकांना त्याचा कधी पत्ताही लागत नाही आणि त्यांचं काही अडतही नाही.

आता बघायचं कुठे? मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. थॉमस विलिसने १६६४ साली त्याचं वर्णन छापलं. त्या पुस्तकासाठी चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता, तोच पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल उभारणारा. एन्युरिझम सहसा या कड्यावर किंवा त्याच्या जवळच्या फाट्यांवर होतात. धमनीला जिथे फांदी फुटते तिथे रक्ताचा मारा थेट भिंतीवर बसतो. मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती मुळात पातळ, त्यात फाट्यापाशी स्नायूचा थर विरळ.

एकदम, क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी घेऊन कोणी आलं, तर पहिला स्कॅन साधा सीटी असतो, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध न देता. त्यात मी एन्युरिझम शोधत नसते, सांडलेलं रक्त शोधत असते. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरीच्या वर पाण्याची एक मोकळी जागा आहे. निरोगी माणसात ती काळ्या चांदणीसारखी दिसते, रक्त सांडलं की तीच पांढरी होते. हे ढळढळीत असेल तर विद्यार्थ्यालाही कळतं. खरी कसोटी थोड्या रक्ताची. तेव्हा मी ठरलेल्या काही जागी थांबते. दोन पायांसारख्या दिसणाऱ्या मिडब्रेनच्या मधली खाच बघते. सिल्व्हियन फिशरचं, म्हणजे मेंदूच्या बाजूच्या खोल फटीचं, आतलं टोक बघते. पेशंट उताणा झोपलेला असतो आणि रक्त खाली बसतं, म्हणून व्हेंट्रिकलचं, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचं, मागचं शिंग बघते. टेम्पोरल भागातली, म्हणजे कानशिलाकडची, व्हेंट्रिकलची शिंगं एरवी चिरेएवढी असतात. तरुण माणसात ती फुगलेली दिसली तर पाणी तुंबायला सुरुवात झाली आहे, आणि कदाचित रक्त इतकं फिकट आहे की ते डोळ्याला दिसण्याआधी त्याचा परिणाम दिसतोय.

रक्त कुठे जास्त साठलंय त्यावरून फुटलेली जागाही ओळखता येते. दोन्ही गोलार्धांच्या मधल्या फटीत असेल तर अँटेरियर कम्युनिकेटिंग धमनी (कड्याचा पुढचा जोड), एका बाजूच्या सिल्व्हियनमध्ये असेल तर त्या बाजूची मिडल सेरेब्रल धमनी. अंदाजच तो, पण अँजिओ बघताना नजर आधी तिथे जाते.

आणि इथेच खरा धोका आहे. नजर आधी तिथे गेली, एन्युरिझम सापडला, की मन म्हणतं झालं काम. एन्युरिझम असलेल्या माणसांपैकी साधारण पाचातल्या एकात, काही अभ्यासांत त्याहून जास्त लोकांत, एकापेक्षा जास्त फुगवटे असतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे आणि काही सापडलं तरी तो मोडायचा नाही. उजवी कॅरोटिड, म्हणजे मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी, कवटीत शिरते तिथपासून सुरुवात. कॅव्हर्नस भाग, डोळ्याची शाखा, पोस्टेरियर कम्युनिकेटिंगचा उगम, वरचं टोक, मिडल सेरेब्रलचा फाटा. मग पुढे, दोन्ही अँटेरियरच्या मधला जोड, तिथून कॉर्पस कॅलोझमवरून वळसा घेणारी पेरिकॅलोसल. हेच डावीकडे. हे झालं पुढचं मंडळ. मग मागचं मंडळ : दोन्ही व्हर्टिब्रल, त्यातून लहान मेंदूकडे जाणारी शाखा पायका, दोन्ही व्हर्टिब्रल मिळून होणारी बॅसिलर आणि तिचं टोक. प्रत्येक फाटा तिन्ही प्रतलांत. दहातले साधारण नऊ एन्युरिझम पुढच्या मंडळात असतात, पण म्हणून मागचं मंडळ उरकायचं नाही, कारण मागचे फुटण्याचा धोका जास्त.

एक बारकावा. विलिसचं कडं सगळ्यांत पूर्ण नसतं. अँटेरियर सेरेब्रलचा पहिला तुकडा एका बाजूला अगदी बारीक असेल, तर दोन्ही बाजूंचं रक्त दुसऱ्या बाजूने येतं आणि मधल्या जोडावर आदळतं. असा बारीक तुकडा दिसला की मी त्या जोडापाशी जास्त वेळ थांबते.

विचारा काय विचारायचं ते.

सोनचाफा

वाचनखूण साठवली. आणि आता माझी कहाणी. चक्कर येत होती म्हणून डॉक्टरांनी एमआर अँजिओ करायला सांगितला. चक्करेचं कारण कानात निघालं, ती गेलीही. पण रिपोर्टमध्ये खाली एक ओळ आहे : डाव्या पोस्टेरियर कम्युनिकेटिंगच्या उगमापाशी २.५ मिमी फुगीर भाग, इन्फंडिब्युलम की लहान एन्युरिझम, सांगता येत नाही. न्यूरोसर्जनची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीय. तोवर मी डोकं हलवायलाही घाबरतेय. हे दोन्ही एकाच जागी कसे असू शकतात? आणि इतक्या महागड्या यंत्राला ते वेगळं का कळू नये?

करडी छटा

सोनचाफा, डोकं खुशाल हलवा.

ती जागा या गोंधळासाठी प्रसिद्ध आहे. इन्फंडिब्युलम म्हणजे धमनी जिथून निघते तिथे तिचं तोंड जन्मतः जरा रुंद असणं, नरसाळ्यासारखं. ओळखायच्या खुणा अशा : आकार शंकूसारखा, रुंदी तीन मिलिमीटरच्या आत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बारीक धमनी त्या शंकूच्या टोकातून निघते. एन्युरिझम असेल तर तो गोलसर असतो आणि धमनी त्याच्या बाजूने किंवा मानेजवळून, म्हणजे फुगवटा मूळ धमनीला जोडलेला असतो तिथून, निघते.

अडचण अशी की पोस्टेरियर कम्युनिकेटिंग पुष्कळ लोकांत जेमतेम मिलिमीटरभर असते. एमआर अँजिओत तिच्यातला प्रवाह इतका कमी की ती दिसतच नाही. मग उरतो एक टेंगूळ, टोकाला काही नसलेला. टोकातून निघणारी धमनी दिसली तर मी बेधडक इन्फंडिब्युलम लिहीन. नाही दिसली तर तुमच्या रेडिओलॉजिस्टने लिहिलं तेच लिहावं लागतं. अशा वेळी सीटी अँजिओ मदतीला येतो, कारण त्यात ती बारीक धमनी कॉन्ट्रास्टने भरते. तो करायचा की नाही हे तुमचे सर्जन ठरवतील.

रात्रपाळी

इमर्जन्सी विभागातून हजर. धागा आवडला, पण आमच्या बाजूने एक भर घालतो. फुटलेल्या एन्युरिझमच्या बाबतीत स्कॅन किती विश्वासार्ह, हे घड्याळावर अवलंबून आहे. कॅनडातल्या आपत्कालीन विभागांत झालेला एक मोठा अभ्यास २०११ साली आला. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत केलेल्या सीटीत एकही रक्तस्राव सुटला नव्हता. सहा तासांनंतर केलेल्यांत तो पकडण्याचं प्रमाण साधारण ८६ टक्क्यांवर आलं. सांडलेलं रक्त पाण्यात विरत जातं, दिवसागणिक पांढरेपणा फिका पडतो.

त्यामुळे मी पेशंटला पहिला प्रश्न विचारतो तो 'किती दुखतंय' हा नसतो. 'सुरू झालं तेव्हा तुम्ही काय करत होतात?' असं विचारतो. ज्याला खरंच तसली डोकेदुखी झालीय तो नेमकं सांगतो. बुटाची नाडी बांधत होतो, फोन उचलला होता, जिन्याच्या चौथ्या पायरीवर होतो. 'सकाळपासून हळूहळू वाढतंय' म्हणणारा बहुधा या गटातला नसतो. मान वाकवता येत नसेल, मध्ये शुद्ध गेली असेल, जोर लावताना सुरू झालं असेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, तर यातलं एकही पुरे आहे नीट तपास करायला.

सहा तास उलटून गेलेत आणि सीटी स्वच्छ आहे, पण गोष्ट पटण्यासारखी आहे, असं असेल तर पाठीतलं पाणी काढून बघतो किंवा सीटी अँजिओ करतो. पाण्यातला पिवळेपणा यायला साधारण बारा तास लागतात, म्हणून फार लवकर काढलं तरी घोळ होतो. आणि अंगात रक्त (हिमोग्लोबिन) खूपच कमी असलेल्या पेशंटमध्ये सहा तासांचा नियमही सांभाळून वापरावा, कारण पातळ रक्त सीटीत मेंदूच्याच रंगाचं दिसू शकतं.

इथे वाचून घरी थांबणाऱ्यांसाठी : अशी डोकेदुखी झाली तर धागा बंद करा आणि दवाखाना गाठा.

खडूस

सगळं छान आहे हो, पण रिपोर्टमधली ती शेवटची ओळ कोणासाठी असते? 'लक्षणांशी पडताळून पाहावे.' पैसे आम्ही स्कॅनचे भरायचे आणि पडताळायचं दुसऱ्याने. सरळ हात झटकणं आहे हे.

करडी छटा

खडूस, काही वेळा खरंच तसं असतं. लपवत नाही.

पण दुसरी बाजूही बघा. माझ्याकडे जी चिठ्ठी येते तिच्यावर निम्म्या वेळा 'डोकेदुखी' एवढंच असतं. त्याच चिठ्ठीवर कोणी 'डावी पापणी पडली, डावी बाहुली मोठी' एवढं लिहिलं तर माझं सगळं वाचन बदलतं. डोळा हलवणारी तिसरी नस पोस्टेरियर कम्युनिकेटिंगच्या अगदी शेजारून जाते आणि बाहुलीचे तंतू तिच्या बाहेरच्या थरात असतात. तिथला एन्युरिझम वाढला की आधी ते दबतात. अशा पेशंटमध्ये डावीकडच्या त्या उगमापाशी मला काही दिसलं नाही तर मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही, पुन्हा बारीक स्लाइस काढून बघते. चिठ्ठीवर ती ओळ नसेल तर ती जागा इतर वीस जागांपैकी एक असते.

यंत्रमित्र

मी एमआरआय टेक्निशियन. सोनचाफा यांच्या 'यंत्राला का कळू नये' वर थोडं लिहितो.

एमआर अँजिओ बहुतेक वेळा कॉन्ट्रास्ट न देता करतात. एका ठरावीक भागावर लहरींचा भराभर मारा करतो. जे हलत नाही, म्हणजे मेंदू, हाड, स्नायू, त्याचा सिग्नल दबून जातो. धमनीतून नवं रक्त त्या भागात शिरतं, त्याने मार खाल्लेला नसतो, म्हणून ते चकाकतं. आपण चित्र घेतो ते आत येणाऱ्या रक्ताच्या चकाकीचं. आता यात गोम अशी की रक्त जिथे रेंगाळतं किंवा भोवऱ्यात फिरतं तिथे तेही मार खातं आणि मंद होतं. मोठ्या एन्युरिझमच्या आत रक्त असंच रेंगाळतं. त्यामुळे मोठा फुगवटा एमआर अँजिओत आहे त्याहून लहान दिसू शकतो, आणि जुनी गुठळी धरलेला भाग तर प्रवाह म्हणून दिसतच नाही. उलट काही गुठळ्या स्वतःच चकाकतात आणि प्रवाह असल्याचं सोंग आणतात. म्हणून अँजिओसोबत एमआरआयच्या साध्या सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचे नेहमीचे संच, बघायच्या असतात.

तुम्ही आत असताना मी 'हलू नका, गिळूसुद्धा नका' असं सारखं सांगतो त्याचंही कारण हेच. हा सिक्वेन्स काही मिनिटं चालतो, दोन-तीन थरांत घेऊन जोडतात. मधेच डोकं हललं तर थरांच्या जोडावर धमनी तुटल्यासारखी किंवा पायरी पडल्यासारखी दिसते. ती पायरी नेमकी फाट्यावर आली की डॉक्टर फोन करून विचारतात, पेशंट हलला होता का?

सीटी अँजिओला तुकडे जोडावे लागत नाहीत, पण तिथे वेळ साधावी लागते. कॉन्ट्रास्ट धमन्यांत भरलेला हवा, शिरांत पोचलेला नको. काही सेकंद उशीर झाला की कॅव्हर्नस सायनस, म्हणजे कवटीच्या तळाशी असलेली शिरांची पोकळी, भरतो. कॅरोटिड त्याच्या आतूनच जाते, मग पांढऱ्यात पांढरं. शेजारी कवटीचं हाड, तेही पांढरं.

करडी छटा

यंत्रमित्र, उत्तम लिहिलंत. त्यालाच जोडून, रिपोर्टबरोबर जे रंगीत त्रिमितीय चित्र मिळतं, लालभडक धमन्या आणि काळी पार्श्वभूमी, त्यावर फार विसंबू नका. ते चित्र बनवताना संगणक ठरवतो की अमुक उजळपणाच्या वरचं ठेवायचं, खालचं फेकायचं. ती पातळी थोडी वर-खाली केली की दोन मिलिमीटरचा फुगवटा येतो आणि जातो. शेजारून जाणारी दुसरी धमनी चिकटून फुगवट्यासारखी दिसते. धमनीचं वळण समोरून बघितलं तर हुबेहूब गोळा वाटतो. मी आधी मूळ बारीक स्लाइस एकेक करून बघते, मग जाड थरांची चित्रं, आणि रंगीत चित्र सगळ्यात शेवटी, सर्जनला दिशा दाखवायला. मोजमापही बारीक स्लाइसवर.

कोडकरी

हे सगळं ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या जागा बघणं आहे. मग हे काम संगणकाला का देत नाही? तो थकत नाही, आणि एक सापडल्यावर थांबतही नाही.

करडी छटा

देतोय की. २०१९ साली स्टॅनफर्डच्या गटाने सीटी अँजिओवर शिकवलेल्या एका मॉडेलचा अभ्यास छापला. मॉडेलने खुणा केलेल्या जागा दाखवल्या तेव्हा डॉक्टरांनी जास्त एन्युरिझम पकडले. मात्र एन्युरिझमच्या उपचारात मानेला लावलेली क्लिप (चिमटा) किंवा आत भरलेली कॉइल (बारीक तार) असलेले स्कॅन त्यातून वगळलेले होते. माझ्याकडे रोज येणाऱ्यांत तेही असतात, हललेलेही असतात, उशिरा कॉन्ट्रास्ट भरलेलेही.

माझं मत : आधी मी बघावं, मग त्याने. उलट केलं की त्याने खूण न केलेल्या जागेवर माझी नजर सैल पडते. आणि प्रत्येक स्कॅनमागे एक-दोन खोट्या खुणा आल्या तर सोनचाफा यांच्यासारख्या ओळी किती रिपोर्टांत जातील याचा विचार करा. वळणं आणि इन्फंडिब्युलम यांनीच ही यंत्रं जास्त फसतात.

टाका दोरा

न्यूरोसर्जन आहे. धागाकर्तींशी बहुतांशी सहमत, एका गोष्टीवर भांडायचं आहे.

दोन मिलिमीटरच्या आतल्या संशयास्पद जागा रिपोर्टमध्ये लिहू नयेत असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आम्ही त्यावर करत काही नाही. जपानच्या २०१२ साली छापलेल्या मोठ्या पाहणीत तीन मिलिमीटर आणि त्यापुढचेच एन्युरिझम घेतले होते. त्यात सगळे मिळून फुटण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे एक टक्का होतं, तेही आकार वाढेल तसं वाढणारं. त्याहून लहान, एन्युरिझम आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी माणूस झोप घालवतो, रक्तदाब वाढवून घेतो. मग माझ्यासमोर बसून विचारतो, विमानात बसू का, ओझं उचलू का, मूल होऊ देऊ का. मी काय उत्तर देऊ?

बाकी मला रिपोर्टमध्ये काय हवं ते लिहितो, कारण कित्येकदा नुसतं 'चार मिलिमीटर एन्युरिझम' एवढंच मिळतं. मानेची रुंदी हवी. चार मिलिमीटरच्या घुमटाला दीडची मान असेल तर आतून कॉइल भरता येते. मानच चारची असेल तर कॉइल बाहेर निसटते, मग स्टेंट किंवा प्रवाह वळवणारी जाळी, नाहीतर उघडून क्लिप. तोंड कुठल्या दिशेला आहे ते हवं. मानेतून एखादी शाखा निघते का ते हवंच हवं, क्लिप लावताना ती दबली की अर्धांगवायू. भिंत गुळगुळीत आहे की त्यावर आणखी एक लहान टेंगूळ आहे? ते टेंगूळ असेल तर आकडा लहान असूनही मी स्वस्थ बसत नाही.

करडी छटा

टाका दोरा, शेवटचा परिच्छेद छापून रिडिंग रूममध्ये लावते.

पण न लिहिण्याबद्दल नाही म्हणणार. मी पाहिलं आणि लिहिलं नाही, तर पुढच्या वेळी स्कॅन करणाऱ्याला तुलनेला काहीच राहत नाही. तीन वर्षांनी तिथे चार मिलिमीटरचा दिसला, तर तो वाढलाय की होता तसाच आहे हे कोण सांगणार? आणि वाढणं ही गोष्ट आकारापेक्षा मोठी आहे, हे तुम्हीच मान्य कराल. कसं लिहायचं यावर मात्र तुमचं म्हणणं घेते. 'एन्युरिझम नाकारता येत नाही' असं लिहून पेशंटला लटकवत ठेवू नये. 'बहुधा इन्फंडिब्युलम, टोकातून शाखा निघताना दिसते' किंवा 'शाखा दिसत नाही, अमुक तपासणीने सुटेल' असं लिहावं. कौल द्यायला हवा.

टाका दोरा

कौल दिलात तर भांडण मिटलं. बहुतेक जण देत नाहीत. आणि वाढ म्हणताना एक लक्षात ठेवा, दोन वेगळ्या यंत्रांवर, दोन वेगळ्या माणसांनी मोजलेल्या आकड्यांत अर्धा-पाऊण मिलिमीटर फरक सहज येतो. ३.१ चा ३.६ झाला म्हणून कोणाला टेबलावर घेत नाही. दोन्ही स्कॅन शेजारी लावून, तोच कोन घेऊन मोजतो.

कोरी पाटी

माझ्या आईला पंचेचाळिसाव्या वर्षी एन्युरिझम फुटून ब्लीड झालं होतं, वाचली. आम्ही तीन भावंडं. आम्ही सगळ्यांनी अँजिओ करून घ्यावा का? मावशीलाही न फुटलेला सापडलाय.

टाका दोरा

तुमच्या जवळच्या नात्यात, म्हणजे आईवडील, सख्खी भावंडं, मुलं यांत, दोघांना असेल तर तपासणी सुचवतात. तुमच्याकडे आई ही एक झाली, मावशी त्या व्याख्येत तुमच्यासाठी बसत नाही. पण आई आणि मावशी या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे घराण्यात आहे असं मी धरेन आणि तुमच्याशी बसून बोलेन. कुटुंबात किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे का तेही विचारेन, कारण त्या आजारात एन्युरिझमचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. तपासणी करायची तर कॉन्ट्रास्टशिवायचा एमआर अँजिओ. त्यात किरणोत्सर्ग नाही, पुन्हा पुन्हा करता येतो. एकदा स्वच्छ आला म्हणजे जन्माचं सुटलं असं मात्र नाही, एन्युरिझम नंतरही तयार होतात.

मुख्य म्हणजे आधी ठरवा की सापडलं तर काय करणार. लहान सापडला आणि आम्ही म्हटलं नुसतं लक्ष ठेवू, तर ते ओझं घेऊन जगता येईल का? तिघांची उत्तरं वेगळी असू शकतात. आणि तिघांपैकी जो सिगारेट ओढतो त्याने ती आज सोडावी, रक्तदाब मोजून घ्यावा. त्याला स्कॅनची वाट बघायची गरज नाही.

कोरी पाटी

धन्यवाद डॉक्टर. धाकटा ओढतो. त्याला हा धागा पाठवते. आईचं क्लिपिंग झालं होतं, बरीच वर्षं झाली. आता तिच्या गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय. चालेल का?

यंत्रमित्र

थांबा. आईंच्या ऑपरेशनचे कागद शोधा आणि क्लिपचं नाव, कंपनी, मॉडेल मिळवा. हल्लीच्या टायटेनियमच्या क्लिप चालतात, मात्र काही जुन्या क्लिप चुंबकाने हलणाऱ्या असत. गुडघ्याचा स्कॅन असला तरी माणूस त्याच चुंबकात जातो, डोकं बाहेर राहिलं म्हणून सुटका नाही. आणि 'मागे एकदा एमआरआय झाला होता, काही झालं नाही' हे आम्ही ग्राह्य धरत नाही, कारण तेव्हाचं यंत्र कमी ताकदीचं असू शकतं. कागद नसेल तर आत घेणार नाही, रागावू नका. डिस्चार्ज कार्डावर नसलं तरी ऑपरेशन नोटमध्ये बहुधा असतं.

सोनचाफा

माझा आणखी एक प्रश्न. आवरताना जुना सीटी अँजिओ सापडला, काही वर्षांपूर्वी मानेच्या दुखण्यासाठी केलेला. त्यात मानेबरोबर डोकंही घेतलेलं दिसतंय. तेव्हाच्या रिपोर्टमध्ये या जागेबद्दल काही नाही. सर्जनना दाखवू का? फिल्मचे फोटो काढून पाठवले तर चालतील?

करडी छटा

दाखवाच! तुमच्या प्रश्नावर नव्या तपासणीइतकाच उपयोग याचा होऊ शकतो. तेव्हाही तिथे तेवढाच फुगीर भाग असेल तर मधल्या वर्षांत तो वाढलेला नाही. शिवाय सीटी असल्यामुळे ती बारीक धमनी त्यात भरलेली दिसण्याची शक्यता आहे. रिपोर्टमध्ये उल्लेख नाही यावरून काही ठरवू नका, मानेसाठी केलेल्या स्कॅनमध्ये बघणाऱ्याचं लक्ष मानेवर असतं.

फोटो मात्र नको. फिल्मवर मोजकीच चित्रं छापतात, आणि अडीच मिलिमीटरची गोष्ट मोबाइलच्या फोटोत शोधणं म्हणजे अंदाजपंचे. जिथे स्कॅन केला तिथे जा आणि पेन ड्राइव्हवर किंवा सीडीवर पूर्ण स्टडी मागा, डायकॉम स्वरूपात (स्कॅनच्या मूळ फाइलींचं स्वरूप), बारीक स्लाइससकट.

यंत्रमित्र

'बारीक स्लाइससकट' हे शब्द काउंटरवर आवर्जून म्हणा. नाहीतर पाच मिलिमीटरच्या जाड स्लाइस आणि रंगीत चित्रं कॉपी करून देतात. काही ठिकाणी बारीक स्लाइस काही काळाने सर्व्हरवरून काढून टाकतात, म्हणून उशीर करू नका. घरी आल्यावर एकदा संगणकावर उघडून बघा. डोक्याच्या सिरीजमध्ये शेकड्यांनी चित्रं दिसली पाहिजेत. वीस-तीसच असतील तर परत जा.

सोनचाफा

उद्याच जाते. वेळ महिन्यानंतरची आहे, तोवर पेन ड्राइव्ह तयार ठेवते.